चोपडी कुणाकडे?

ऑगस्ट सरताना बोईसरजवळच्या दांडी गावात मासळी वाळवायच्या बांबूच्या वलांड्या रिकाम्या असतात. पाऊस पुरता गेलेला नसतो, उन्हाचा भरवसा नसतो, बोंबील वाळवायला दिवाळीची वाट पाहावी लागते. बहुतेक घरांनी बांबू सोडवून पडवीत रचलेले असतात. २०१९ साली खाडीच्या अंगाच्या एका घरामागे मात्र एक वलांडी तशीच उभी राहिली होती आणि तिच्यावर तीन दिवस एकच वस्तू लटकत होती. नारिंगी रंगाची फुटबॉलची जर्सी. सर आली की ती भिजायची, ऊन पडले की वाळायची, पुन्हा भिजायची. घरात गणपती बसले तरी कुणी ती आत घेतली नाही. ज्याची होती तो पोरगा माळ्यावर भिंतीकडे तोंड करून पडला होता.

पोरगा पुण्यात इंजिनिअरिंगला, शेवटच्या वर्षाला. दांडीच्या पोराला फुटबॉल नवा नव्हता. ओहोटी लागली की इथली वाळू ओटीवरच्या कोब्यासारखी टणक होते आणि दोन चपला इकडे, दोन चपला तिकडे ठेवल्या की मैदान तयार. पण हजारो माणसे एका रंगात, एका सुरात ओरडताना त्याने पहिल्यांदा पाहिली ती बालेवाडीच्या स्टेडियममध्ये. पहिल्या वर्षी वसतिगृहातल्या मित्रांनी एफसी पुणे सिटीच्या सामन्याला ओढून नेले. गोल झाला आणि शेजारच्या अनोळखी माणसाने त्याला कडकडून मिठी मारली. असे त्याने होळीच्या रात्री बंदरावर तेवढे पाहिले होते. त्या दिवसापासून तो नारिंगी झाला.

७ मार्च २०१८ ला आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये बंगळुरूविरुद्ध उपांत्य फेरीचा पहिला सामना बालेवाडीत झाला, ०-०. चार दिवसांनी बंगळुरूत सुनील छेत्रीने एकट्याने तीन गोल केले आणि पुणे ३-१ ने हरले. पोरगा त्या रात्री जेवला नाही. पण ते दुःख बरे होते, कारण त्याला पुढच्या हंगामाची तारीख होती. पुढचा हंगाम आला तो विसकटलेलाच. प्रशिक्षक बदलले, इंग्लंडहून फिल ब्राउन आला, संघ सातवा राहिला. उन्हाळ्यात खेळाडूंचे पगार थकल्याच्या बातम्या येऊ लागल्या. क्लब वाधवान समूहाचा. त्याच घराण्याची घरकर्जे देणारी डीएचएफएल जून २०१९ मध्ये आपल्या रोख्यांचे पैसे वेळेवर देऊ शकली नव्हती; नोव्हेंबरात तर रिझर्व्ह बँकेने तिचे संचालक मंडळच बाजूला केले. पण तोवर क्लब थांबलाच नाही. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात कळले की पुण्याचा संघ संपला, त्याची लीगमधली जागा हैदराबादच्या नव्या मालकांना गेली. फिल ब्राउन तिकडे गेला, खेळाडू मार्सेलिन्हो गेला, बरेच जण गेले. निघताना कुणी पुण्याला ‘येतो’ म्हणाले नाही.

पोरगा गणपतीला दोन दिवस आधीच घरी आला. बोईसरला उतरून रिक्षाने दांडीला पोहोचला, जर्सी अंगातून काढून वलांडीवर फेकली आणि माळ्यावर चढला.

पहिल्या दिवशी काका समजूत काढायला गेला. काका तरुणपणी मुंबईत नोकरीला होता आणि सुटीच्या दिवशी चर्चगेटला उतरून कूपरेजवर महिंद्रा युनायटेडचे सामने बघायचा. “अरे, २००६ ला आम्ही राष्ट्रीय लीग जिंकलो होतो,” काका म्हणाला, “आणि २०१० ला कंपनीनं क्लबच बंद केला. कंपनीचं दिवाळं नव्हतं निघालं हां. चांगली धडधाकट कंपनी. ठरवलं आणि बंद केला.” समजूत काढायची ही काही रीत नव्हे. पोरगा आणखी भिंतीकडे सरकला. पण काका बोलला ते ध्यानात ठेवण्यासारखे होते. क्लब बुडायला मालकाचे दिवाळेच निघावे लागते असे नाही. त्याचे मन निघाले तरी पुरते.

पुण्यातल्या जाणत्यांना तर याची सवयच झाली होती. २००७ साली सुरू झालेला पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरा आला होता. त्यानंतर तीन वर्षांच्या आत तो मिटला. भारत एफसी एक हंगाम खेळला. डीएसके शिवाजीयन्सने २०१७ मध्ये आय-लीग सोडली. एकाच शहरात थोड्याच वर्षांत हा चौथा. स्टेडियममध्ये पोराच्या मागच्या रांगेत बसणारे एक निवृत्त मास्तर या चारही क्लबांचे मफलर जपून होते. ते म्हणायचे, “मी क्लबला पाठिंबा देत नाही रे, मी क्लबच्या सुतकाला बसतो.”

तिसऱ्या दिवशी दुपारी आजीने वलांडीवरून जर्सी काढली, पिळली, आत आणली आणि माळ्याच्या शिडीखाली उभी राहून हाक मारली.

“खाली ये. हे कुणाचं कापड आहे सांग, नाहीतर ओटा पुसायला घेते.”

आजी बोईसरच्या बाजारात चाळीस वर्षे पाटी घेऊन बसलेली बाई. तिचे बोलणे मऊ असायचे कारण नाही. पोरगा उतरला. पडवीत आजा जाळ्याची फाटलेली घरे सांधत बसला होता. त्याने मान वर केली नाही, पण हात थांबवले.

पोराने सांगितले. मध्येच रडला. आजीने सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, “चोपडी कुणाकडे होती?”

“कसली चोपडी?”

“हिशोबाची. किती आले, किती गेले, कुणाचं देणं आहे. ती कुणाकडे होती?”

“मालकाकडे असणार ना, आजी.”

“तुम्ही कधी मागितली होती?”

पोराला हसू आले. स्टेडियममध्ये ढोल वाजवणारी पोरे कधी ताळेबंद मागतात का? पण आजा हसला नाही. सुई खाली ठेवून म्हणाला, “त्याला शेटच्या बोटीची गोष्ट सांग.”

“तू सांग. शर्ट तू घातला होतास.”

मग आजाने सांगितली, आणि आजी मधून मधून दुरुस्त करत राहिली.

तो तरणा होता तेव्हा बाहेरगावच्या एका शेटने खाडीत मोठी बोट आणली. इंजिन नवे, जाळी नवी. दांडीतले आठ जण खलाशी म्हणून घेतले, उचल चांगली दिली आणि वर प्रत्येकाला एक निळा शर्ट शिवून दिला, खिशावर बोटीचे चित्र काढलेला. नारळी पौर्णिमेला त्या बोटीवर सगळ्यांत जास्त पताका. शर्ट घालून आठ जण बंदरावरून चालत गेले की पोरे मागून धावायची. गाव म्हणायचे, दांडीची बोट. आठ जण म्हणायचे, आमची बोट.

“तुमची होती?” आजी म्हणाली.

“वाटायची.”

त्याच सुमाराला आजीच्या भावाने तिघांना घेऊन भागीत एक जुनी बोट घेतली होती. ती गळायची. तिच्यावर पताका लावायला कुणाला सुचायचे नाही. आणि तिच्या भागीदारांची भांडणे सगळ्या आळीला पाठ. दर अमावस्येला चौघे ओटीवर बसायचे. आलेल्या पैशातून आधी डिझेल, बर्फ, शिधा वजा. मग बोटीचा वाटा बाजूला, जाळ्यांचा वाटा बाजूला. उरेल ते माणसांचे. चौघांत लिहिता येणारा एकच. तो वाचायचा आणि बाकीचे तिघे शंका काढायचे. बर्फाच्या दोन लाद्या जास्त कशा? सूत इतके कसे लागले? रात्री बारापर्यंत आरडाओरडा. निळ्या शर्टवाले आपल्या ओटीवरून ऐकायचे आणि हसायचे. यांना समुद्र कळत नाही, बेरीज कळते!

“एका वर्षी मासळीनं पाठ फिरवली,” आजा म्हणाला. “सगळ्यांचीच. शेट येईनासा झाला. आम्ही म्हटलं, येईल. मोठा माणूस आहे. आम्ही बोट धुतली, तेल लावलं. पगार नव्हता तरी रोज जाऊन तिच्यावर बसायचो. मग अमावस्येचं उधाण आलं. सकाळी गेलो तर खाडीत बोट नाही. दोर खुंट्याला तसाच. कापलेला नव्हता रे, नीट सोडलेला होता. गाठ सोडवून.”

“कुणी?”

“ज्याचा हक्क होता त्यानं. दुसऱ्या बंदरावर विकली. आमच्यातला एक म्हणाला, तक्रार करू. कसली करणार? चोरी कुठं झाली होती? आठ जण शर्ट घालून किनाऱ्यावर उभे राहिलो दुपारपर्यंत. मग भूक लागली तशी घरी आलो.”

“आणि तुझ्या भावाची बोट?” पोराने विचारले. त्याला वाटले, आता ती भागीची बोट तरली असे ऐकायला मिळणार.

“तीही गेली,” आजी म्हणाली. “त्याच सालात विकली. समुद्राला चोपडी दाखवून मासळी येते काय? पण त्यांनी होळीलाच बघितलं होतं की पावसाळा निघणार नाही. चौघं भांडले, एक रडला, आणि भाव होता तोवर विकली. इंजिन विकलं नाही. जाळी ठेवली. देणं फेडलं आणि पुढच्या सालाला छोटी होडी पाण्यात घातली. ह्यांच्या आठांपैकी तिघं त्याच होडीवर गेले कामाला. तुझा आजाही.”

“शर्ट घालून?”

“शर्टानं मी इंजिन पुसायची,” आजी म्हणाली.

पोरगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “पण आजी, आम्ही तिकीट काढून जायचो. फुकट नाही.”

“माझं गिऱ्हाईकही पैसे मोजून पापलेट नेतं. मी त्याला बोटीत बसवते काय?”

“मग जीव लावायचाच नाही?”

“लाव की. मीही ह्याच्यावर लावलाच ना. पण घरची चोपडी माझ्याकडे आहे.”

आजाने पुन्हा सुई उचलली.

इथे मला, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्याला, थोडे आडवाटेला जायचे आहे. आपल्याकडे जिव्हाळ्याच्या गोष्टीचा हिशोब विचारणे हलकेपणाचे समजतात. गणपतीच्या मंडळाला वर्गणी देतो, पावती घडी करून खिशात घालतो. मांडवाच्या कोपऱ्यात जमाखर्चाचा कागद चिकटवलेला असला तर त्याच्यासमोर किती जण थांबतात? थांबणाऱ्याकडे लोक संशयाने पाहतात. भक्ती कमी आहे वाटतं! वास्तविक त्या कागदासमोर उभा राहणारा माणूसच मंडळ दहा वर्षांनी असावे असे म्हणत असतो. दांडीच्या लोकांना हे खाडीने शिकवले आहे. नवापूर-दांडीच्या खाडीत आणि पुढे समुद्रात तारापूरच्या कारखान्यांचे सांडपाणी जाऊन मासळी मरायची, तेव्हा लोकांनी बरीच वर्षे नुसता शोक केला. मग अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादापुढे गेली, आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने प्रदूषणाच्या भरपाईचे कोट्यवधींचे आकडे निकालात लिहिले. समुद्रावर माया करणारे तेव्हाही होते आणि आधीही होते. फरक पडला तो चोपडी मागितल्यावर.

असो. पोरगा पुण्याला परतला तो जर्सी घेऊन, पण घालून नव्हे. बालेवाडीजवळच्या चहाच्या टपरीवर अकरा जण जमले. मफलरवाले मास्तरही आले. कुणीतरी इंग्लंडातल्या विम्बल्डन क्लबची गोष्ट काढली: मालकांनी क्लब मिल्टन कीन्सला हलवायचा घाट घातला, तेव्हा २००२ साली चाहत्यांनी स्वतःचा नवा क्लब काढला, सार्वजनिक माळरानावर खेळाडूंची निवड केली आणि नऊ वर्षांत तिथल्या फुटबॉल लीगपर्यंत वर चढले. आपणही काढू! टाळ्या पडल्या. मास्तरांनी चहा संपवला आणि विचारले, “आपल्याकडे शिडी कुठं आहे?” खरेच होते. इंग्लंडात तळाला शिरून जिंकत जिंकत वर जाता येते. आयएसएलमध्ये तेव्हा खालून वर येण्याची वाटच नव्हती. आत यायचे तर कोटी मोजून. अकरा जण उठले. दोघे क्रिकेटकडे गेले, चौघांनी इंग्लंडातले क्लब धरले, एकाने मुंबई सिटीचा निळा टी-शर्ट घेतला आणि त्याच्याशी बाकीचे महिनाभर बोलले नाहीत.

पोरगा दिवाळीला घरी आला तेव्हा त्याच्याकडे दोन गोष्टी होत्या आणि दोन्ही त्याने आजीला बोंबील टांगता टांगता सांगितल्या. वलांड्या आता भरलेल्या होत्या. तोंडात तोंड अडकवलेल्या जोड्या वाऱ्यावर हलत होत्या.

पहिली गोष्ट बरीची. इंग्लंडातला हा क्लब १८८५ सालचा, दोनदा एफए कप जिंकलेला. पुणे सिटी संपला त्याच आठवड्यात बरीलाही पैशापायी लीगमधून काढून टाकले. शेवटच्या दिवशी चाहते झाडू, बादल्या घेऊन मैदानावर आले होते. कुणीतरी विकत घेईल, सामना होईल, म्हणून त्यांनी खुर्च्या पुसल्या. संध्याकाळी निकाल आला.

“झाडू दिला हातात,” आजी म्हणाली. “चोपडी नाही दिली.”

दुसरी गोष्ट पोर्ट्समथची.

“बंदर आहे काय?”

“हो. मोठं. आरमाराचं.”

मग ती खाली बसून ऐकू लागली. पोर्ट्समथने २००८ साली एफए कप जिंकला, तो ऐपतीबाहेरच्या खर्चावर. दोन वर्षांत क्लब दिवाळखोरीच्या प्रशासकाकडे गेला, २०१२ मध्ये पुन्हा गेला. खाली खाली घसरत गेला. अखेर २०१३ मध्ये चाहत्यांच्या ट्रस्टने तो घेतला. हजार-हजार पौंडांचा एकेक वाटा. ज्यांना एकट्याने झेपला नाही त्यांनी चार-पाच जणांत मिळून घेतला. वर्ष-दीड वर्षात जुने देणे फिटले. २०१७ ला संघ चौथ्या पायरीवरची लीग जिंकून वर आला.

“आणि मग?”

“मग त्यांनी विकला, आजी.” पोराचा आवाज उतरला. त्याला ही गोष्ट इथे खटकत होती. “एका अमेरिकन श्रीमंताला. मतदान घेतलं. बहुतेकांनी विका म्हटलं. स्टेडियम जुनं झालं होतं, डागडुजीला लागणारे पैसे ट्रस्टकडं नव्हते. एवढं करून शेवटी शेटच आला.”

आजीने हातातली जोडी बांबूवर टाकली. “दोर कुणी सोडला?”

पोराला उत्तर द्यायला वेळ लागला. “त्यांनीच.”

“आकडे बघून?”

“बघून.”

“मग शेट आला तर आला. माझ्या भावानंही विकलीच होती ना.”

किनाऱ्यावर तेव्हा दहा-बारा वर्षांची वीसेक पोरे खेळत होती आणि त्यांचा बॉल फुटलेला होता. पोराने दिवाळीच्या सुटीत त्यांना शिकवायला सुरुवात केली. चौथ्याच दिवशी गावातल्या एका होतकरू पुढाऱ्याला याचा सुगावा लागला. त्याने बारा बॉल, गोलाच्या जाळ्या, वीस जर्सी देऊ केल्या. जर्सीवर पुढे त्याचा फोटो, मागे नंबर. पोरे नाचायला लागली. आपल्या पोराने मान हलवली, नको म्हणायला तोंड उघडले. पण आजी आडवी आली. “घ्या की. पैशाला वास नसतो. फक्त चोपडी घाला. कुणी काय दिलं ते लिहा, आणि दर रविवारी सगळ्या पोरांसमोर वाचा. त्यालाही बोलवा ऐकायला. आणि हेही लिहा, की त्यानं उद्या हात आखडला तर तुमचा खेळ किती दिवस चालेल.”

पुढाऱ्याला हे कळवले. त्याने एक बॉल पाठवला. जर्सी काही आल्या नाहीत.

मग पोरांनी आठवड्याला पाच-पाच रुपये काढायचे ठरले. ज्याच्याकडे नसतील त्याने मैदानावरचे प्लास्टिक आणि काचा वेचायच्या. तेही चोपडीत पाच रुपये म्हणूनच मांडायचे. चोपडी एका नववीतल्या मुलीकडे दिली, कारण तिचे अक्षर चांगले होते आणि ती कुणाची भीड ठेवत नसे. पहिल्या चार रविवारी वाचन झाले तेव्हा खेळापेक्षा भांडणच जास्त वेळ चालले. लिंबूसरबताचे वीस रुपये कुणाला विचारून? गोलकीपरचे हातमोजे सगळ्यांच्या पैशातून का? समुद्रावर फिरायला आलेले लोक थांबून बघायचे. आजा दुरून पाहायचा आणि म्हणायचा, मेव्हण्याची ओटी झाली!

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. किनारा बंद, बोटी बांधलेल्या, बोईसरचा बाजार बंद. चोपडीत तेव्हा अकराशे चाळीस रुपये शिल्लक होते. जूनमध्ये पोरे पुन्हा लपत-छपत वाळूवर जमली तेव्हा मुलीने वाचन केले आणि डबा उघडला. पाचशे चाळीस निघाले. सहाशे कमी. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले. शेवटी आपल्या पोराचा चुलतभाऊच उभा राहिला. आईच्या औषधाला घेतले होते. डबा त्याच्याच घरी होता.

अशा वेळी दोनच रस्ते लोकांना ठाऊक असतात: चोर म्हणून हाकलणे, नाहीतर घरचे आहे म्हणून झाकणे. पोराचा जीव झाकण्याकडे ओढत होता. चुलता, चुलती, सणवार, सगळे डोळ्यांपुढे होते. मुलीने पेन काढले आणि लिहिले: सहाशे उसने, कारण औषध, फेड आठवड्याला वीस. मग वर पाहून म्हणाली, “विचारून घेतले असतेस तर देणगी लिहिली असती.” एवढेच. तीस आठवडे लागले. शेवटचे वीस रुपये आले तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. चुलतभाऊ अजून डावीकडून खेळतो.

पोरगा इंजिनिअर होऊन तारापूरच्या एका कारखान्यात लागला. २० मार्च २०२२ ला हैदराबादने गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर केरळ ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवून लीग जिंकली. पुण्याच्या जागेवर आलेला संघ तिसऱ्याच हंगामात विजेता. तो घरी फोनवर बघत होता. राग यायला हवा होता, आला नाही. तिकडल्या गॅलरीतली हैदराबादची पिवळी माणसे एकमेकांना मिठ्या मारत होती आणि त्याला त्यांची काळजी वाटली. काळजी खरी ठरली. २०२३-२४ मध्ये हैदराबादच्या खेळाडूंचे पगार थकले, एकेक जण सोडून गेला, बावीस सामन्यांत एक विजय मिळाला. २०२५ मध्ये तोही संघ हलला, दिल्लीला, नव्या नावाने. ती बातमी आली तेव्हा पोराने हैदराबादच्या एका अनोळखी चाहत्याला निरोप पाठवला. बरेच दिवस उत्तर नव्हते. मग आले: आम्ही सात जण उरलो आहोत. पोराने परत लिहिले, एक वही घ्या.

नारिंगी जर्सी आता ओहोटीच्या मैदानावर कोपऱ्याचा झेंडा म्हणून काठीला बांधतात. रंग उडाला आहे, पण लांबून दिसते.

दर रविवारी पाणी उतरले की वाचन होते. वाचणारी आता तिसरी मुलगी आहे. पहिली नर्सिंगला गेली. गेल्या रविवारी चोपडीत चारशे ऐंशी रुपये शिल्लक होते. हवा भरायचा पंप मोडला आहे. दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा यावर दोन तट पडले आहेत, आणि पुढच्या रविवारी मत घ्यायचे ठरले आहे.